रोजच्या गाण्यासाठी ७-८ हजारांपर्यंतचे इअरफोन, तंबोरा नीट ऐकू येईल असे?

पेटीवाली

नमस्कार मंडळी, लिहू लिहू म्हणत दोन महिने गेले, आज गाडी मुंब्र्याच्या अलीकडे वीस मिनिटं एका जागी उभी आहे म्हणून मुहूर्त लागला.

मला रोजच्या ऐकण्यासाठी कानात घालायचे इअरफोन घ्यायचेत. बजेट ७ हजार, अगदीच पटलं तर ८, त्याच्या वर गेले तर घरी भाषण ऐकावं लागेल. डोंबिवली ते दादर जाऊन-येऊन अडीच तास, ऑफिसात तास-दीड तास, आणि रात्री सगळं आवरल्यावर अर्धा तास, तो खरा माझा. ऐकते काय म्हणाल तर निम्म्याच्या वर शास्त्रीय, किशोरीताई, कुमारजी, भीमसेनजी, मग जुनी भावगीतं, नाट्यपदं, आणि सकाळी डबे भरताना अजय-अतुल, त्याशिवाय पोळ्या पटपट होत नाहीत.

आता दुखणं सांगते. सध्याचे बाराशे रुपयांचे वायरवाले आहेत. त्यात गाणाऱ्याचा आवाज पाइपातून आल्यासारखा येतो, तंबोरा असून नसल्यासारखा, आणि बाई तार षड्जाला पोचल्या की कानात टाचणी टोचते. मी ६ वर्षं पेटी शिकलेय, फार काही येत नाही, पण त्यामुळे झालंय असं की खटकायला लागलं की खटकतच राहतं. त्यात डावा इअरफोन मरायला टेकलाय बहुतेक, बोटाने दाबून धरला की बरा वाजतो, सोडला की परत पातळ. म्हटलं नवीनच घेऊ.

ह्याच्या आधी बिनवायरचे होते. त्यातला एक दादरला उतरताना गर्दीत कानातून निसटला तो थेट फलाट आणि गाडीच्या फटीत. मी वाकून बघतेय तर मागच्या बाई म्हणाल्या, "अहो सोन्याचं होतं का काय?" तेव्हापासून वायरच बरी.

फोनला गोल भोक नाहीये, हेही सांगून ठेवते. अधूनमधून कॉल घ्यावे लागतात. व्हिडिओ बघायला बसले तर प्रत्येक जण ग्राफ दाखवतो आणि मला त्यात एक डोंगर आणि दोन दऱ्या एवढंच दिसतं. दुकानात गेले तर पोऱ्याने पहिलं वाक्य टाकलं, "मॅडम बास बघा बास". मला बास नकोय असं नाही हो, डग्गा डग्ग्यासारखा वाजला म्हणजे झालं.

---

वायर_जिंदाबाद

पेटीवाली, माझ्या आवडीचा विषय काढलात, आता जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी तो ग्राफ. डावीकडे खर्जाचं, उजवीकडे तीव्र आवाजांचं, एवढं लक्षात ठेवा. मधे ३००० हर्ट्झच्या आसपास जो डोंगर दिसतो तो चूक नाही, तो असावाच लागतो. कारण उघड्या कानाने ऐकताना आपली कानाची पाळी आणि आतली नळी मिळून त्या भागातला आवाज आपोआप वाढवतात, आणि इअरफोन एकदा नळीत बसला की ती नैसर्गिक वाढ गडबडते, मग बनवणाऱ्याला ती परत भरून द्यावी लागते. कमी भरली की आवाज पाइपातून, जास्त भरली की टाचणी. तुम्ही पेटीवाल्या आहात म्हणून सांगतो, काळी पाच धरली तर तार षड्ज ४६६ हर्ट्झवर आहे, म्हणजे टोचतो तो षड्ज नाहीच, टोचतात ते त्याच्या डोक्यावरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, २५०० ते ४००० च्या पट्ट्यातले. ग्राफ बघताना तुम्ही फक्त तेवढाच पट्टा बघा. डोंगर गोलसर, उतरता असेल तर ठीक, सुळक्यासारखा असेल तर किशोरीताईंना त्यात ऐकू नका.

आता आतल्या यंत्राबद्दल. दोन प्रकार मुख्य. डायनॅमिक म्हणजे साध्या स्पीकरचंच पिल्लू, पडदा आणि कॉईल. दुसरं बॅलन्स्ड आर्मेचर, हे मूळचं श्रवणयंत्रातलं, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी धातूची डबी असते, तपशील छान काढते पण एकटीला खर्ज झेपत नाही. म्हणून काही जण दोन्ही एकत्र घालतात. आत किती ड्रायव्हर, म्हणजे ही आवाज काढणारी यंत्रं, आहेत ह्याच्या आकड्याला भुलू नका, पाच आचारी ठेवले म्हणून आमटी पाचपट चांगली होत नाही.

तुमच्या पैशात माझ्या मते बघण्यासारखे:

मूनड्रॉप एरिया. २०२१ चा आहे, एकच १० मिलिमीटरचा डायनॅमिक. गाणाऱ्याचा आवाज पुढे आणि अंगाला जाड, वर फार चमचम नाही. शास्त्रीयला मी हाच देतो लोकांना.

ट्रूथिअर हेक्सा. एक डायनॅमिक, तीन आर्मेचर. सगळं सुटं सुटं ऐकू येतं, वाद्यमेळ मोठा असेल तर मजा, पण बास मोजून-मापून दिल्यासारखा. अजय-अतुलच्या ढोल-हलगीला थोडी भूक राहते.

फायनल ई३०००. मऊ, गोड, जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर पोटात घालतो. वायर मात्र पक्की बसवलेली, तुटली की गेला. आवाजही थोडा जास्त ठेवावा लागतो.

शुअर एसई२१५ जुना गडी आहे, बाहेरचा आवाज छान अडवतो, वरचे स्वर जरा झाकलेले. बजेटच्या थोडा वर जाईल.

आणि हे सगळं नको असेल तर सेव्हनहर्ट्झ झीरो किंवा मूनड्रॉप चू टू, दोन हजारांच्या आसपास, आणि उरलेल्या पैशात साडी घ्या. खरंच सांगतो, दोन हजार ते आठ हजार ह्यातला फरक ऐकू येतो पण चौपट नाही. किमती सेलप्रमाणे पुढे-मागे होतात, मी सांगतोय तो अंदाज.

फोनला भोक नाही तर यूएसबी-सी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावायचा जोड, लागेल. घेताना एकच बघा, आत डॅक चिप आहे ना, फोनमधल्या आकड्यांचा आवाज करते ती. काही स्वस्त डोंगलांत चिप नसतेच, नुसती वायर जोडलेली असते, ती काही फोनवर चालते आणि काहींवर चूं पण करत नाही. मी असला एक रस्त्यावर दीडशेला घेतला होता, आता तो पोरगा खेळायला वापरतो.

कॉलसाठी माइकवाली वायर वेगळी मिळते. ०.७८ टू-पिन म्हणून मागा, एरिया-हेक्साला तीच लागते. शुअरला वेगळी, एमएमसीएक्स.

---

कांदेपोहे_कम्पल्सरी

मी अडीचशेचे वापरतो, मला सगळंच सारखं ऐकू येतं. देवाची कृपा.

---

संत्रानगरी

वायरभाऊ तुम्ही ग्राफ सांगून राहिले पण ताई अडीच तास लोकलमध्ये बसून राहिल्या त्याचं काय? बसून कुठं, उभ्याच असतील. तिथं हार्मोनिक कोण ऐकते बाप्पा. गाडीचा जो घर्रर्र आवाज असते तो खालच्या पट्टीतला, आणि नुसतं रबर कानात कोंबून तो खालचा आवाज फारसा थांबत नाही, वरचा थांबते, बायांची भांडणं थांबते. खालचा मारायला एएनसी लागते, त्यात माइक बाहेरचा आवाज ऐकते आणि उलटी लाट सोडते, ते काम नेमकं खालच्या आवाजालेच चांगलं जमते. ७ हजारांत बरे एएनसीवाले बड येऊन राहिले आता. गर्दीत वायर म्हणजे दुसऱ्याच्या बॅगेचं दावं.

---

वायर_जिंदाबाद

संत्रानगरी, एएनसीचं म्हणणं मान्य, अगदी शंभर टक्के. पण त्या बडमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते आणि मग आख्खी जोडी कचऱ्यात. माझा एसई२१५ अकरा वर्षांचा आहे, तीन वायरी बदलल्या, बाकी जसाच्या तसा. आणि ताईंनी एक बड ऑलरेडी मध्य रेल्वेला अर्पण केलाय.

बॅगेचं मात्र खरंय. मागच्या पावसाळ्यात कुर्ल्याला एकाच्या छत्रीच्या दांड्यात माझी वायर अडकली, तो पुढे, मी मागे, इअरफोन मधे. वायर सुटून आली म्हणून कान वाचला, पण एक पिन वाकडी झाली. घरी येऊन बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्याने सरळ केली, श्वास रोखून, सुईत दोरा ओवतात तशी. अजून चालतेय. तेव्हापासून वायर शर्टाच्या आतून घेतो आणि कानाच्या मागून वळवतो, त्याने वायर कपड्याला घासून जो खर्र-खर्र आवाज कानात येतो तोही कमी होतो.

---

श्रवणा

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी मॉडेलं सांगितली, बॅटरीवर भांडलात, पण ताईंच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कोणीच वाचलं नाही. "डावा बोटाने दाबून धरला की बरा वाजतो, सोडला की परत पातळ."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, श्रवणयंत्रासाठी दिवसभर लोकांच्या कानांचे साचे घेते. दोन्ही कान हुबेहूब सारखे असलेला माणूस मला क्वचित भेटतो. एक नळी रुंद, एक अरुंद, एक सरळ, एकीला वळण. आणि इअरफोनच्या डबीतून सगळे जण एकाच मापाची दोन रबरं काढून लावतात, बहुतेक वेळा कंपनीने आधीच लावून दिलेलीच, मीडियम, उरलेली पिशवी ड्रॉवरमध्ये.

पेटीवाली, आज रात्री एवढं करून बघा. इअरफोन उलटे घाला, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात. आता पातळ आवाज कुठे येतो? पातळपणा त्या इअरफोनबरोबर उजव्या कानात गेला तर इअरफोनात दोष, किंवा त्याच्या जाळीत मळ बसलाय (जाळी खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पाणी नको, स्पिरिट नको, टाचणी तर नकोच नको). पण पातळपणा डाव्या कानातच राहिला तर इअरफोन निर्दोष आहे बिचारा. रबर तुमच्या कानात नीट बसत नाहीये, फट राहतेय.

फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज पळतो. अगदी केसाएवढी फट पुरते. खालचे स्वर गेले की उरतं ते मधलं आणि वरचं, तेच मग पाइपातून आल्यासारखं वाटतं आणि तेच टोचतं. खर्ज नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो, वाढवला की आणखी टोचतं. तुमची तिन्ही लक्षणं एका फटीची असू शकतात. नवीन ८ हजारांचा आणलात आणि तीच मीडियम रबरं लावलीत तर ८ हजारांचा पाइप मिळेल.

रबर बसवायची पद्धत पण असते. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर-मागे ओढायची, नळी सरळ होते, मग थोडं फिरवत आत सरकवायचं. बसलं की स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं वाटतं, ही खूण. मग जबडा हलवून बघा, चघळल्यासारखा. आवाज येतो-जातो झाला तर माप चुकलंय. फोमची रबरं चिमटीत चेपून घालायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची, ती लोकलमध्ये बाहेरचा आवाजही जास्त अडवतात, फक्त दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागतात आणि वरचे स्वर किंचित मऊ करतात, तुमच्या टाचणीला ते बरंच.

आणि धंद्याचं एक बोलून घेते, राग मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलला. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी, म्हणजे ८३ ला २० तासच. लोकलमध्ये बाहेरचा आवाज दाबायला माणूस नकळत किती वाढवतो हे घरी आल्यावर कळतं, सकाळी गाडीत जिथे आवाज ठेवला होता तिथेच ठेवून घरी शांत खोलीत लावून बघा, दचकाल. म्हणून फट बंद करणं हे गाण्यासाठी तर आहेच पण कानासाठी त्याहून जास्त आहे. रूळ ओलांडताना, रस्त्यावर दोन्ही काढा.

कापसाची काडी घालून मळ काढत असाल तर थांबवा. ती मळ काढत नाही, आत ठासते.

---

संत्रानगरी

हे तं मी पण वाचलंच नाही नीट. ड्रॉवरमधली पिशवी काढली आत्ता. तीन वर्षं झाली, सील फोडलेलं नव्हतं 🙈

---

मिरजेचा_जावई

ताई नमस्कार. मी काय ऑडिओवाला न्हाई, सासुरवाडी मिरजेत सतारमेकर गल्लीच्या बाजूला हाय, तिथं तंबोऱ्याची जवारी काढताना तासन्‌तास बघत बसलोय, आणि स्वतः हौसेनं तबला बडवतो. तुमाला तंबोरा ऐकायचाय म्हणालात म्हणून लिहितो, कारण दुकानात काय लावून बघायचं हे कुणीच सांगत न्हाई, सगळी धडाम-धुडूम गाणी लावत्यात.

जवारी म्हंजे काय, तर घोडीचा, म्हंजे तारा जिच्यावरनं जात्यात त्या पट्टीचा, वरचा भाग किंचित गोलसर घासून काढत्यात, तार तिथं टेकती न टेकती अशी असती, आणि मधे सुताचा दोरा सरकवला की एका ठिकाणी ती तार बोलाय लागती. तिथं तारंतून नुसता एक स्वर येत न्हाई, त्याच्या अंगातनं वरचे स्वर एकामागं एक उलगडत जात्यात. खर्जाची तार नीट जुळली की त्यातनं गंधार आपोआप येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणत्यात, हे तुमाला पेटीच्या गुरुजींनी सांगितलं असंल.

आता इअरफोन तपासायचा असंल तर ख्यालाचं रेकॉर्डिंग घ्या, गायक सुरू व्हायच्या आधीची पहिली अर्धी-एक मिनिटं, नुसता तंबोरा. तिथं तीन गोष्टी बघा. खर्जाची तार बाकी तिघींपासून सुटी ऐकू येती का, का नुसता एक गुंगाट. दुसरं, खर्ज छेडल्यावर तो विरताना त्यातनं गंधार डोकावतो का. तिसरं, दोन्ही कानांत सारखं येतंय का. ह्या तिन्ही जमल्या तर पुढं गायक कसाबी लागंल.

मग तबला. डाव्या हाताचं मनगट डग्ग्यावर सरकवून जो घुमारा काढतो न्हवं, त्यो वर चढताना नीट चढला पायजे. वाईट इअरफोनात घुमारा चढत न्हाई, नुसता "धप" येतो. बासवाल्या इअरफोनात उलटं, डग्गा येवढा फुगतो की विलंबितात गायकाच्या अंगावर येऊन बसतो. आमच्या मंडळातल्या एकानं असला घेतला, भजनाचं रेकॉर्डिंग लावलं तर पखवाजाची कणिक लावलेली बाजू तेवढी ऐकू यायची, बुवा गायबच.

जुन्या रेकॉर्डिंगचं एक ध्यानात ठेवा. टेपवरनं उतरवलेलं असतंय, त्यात सूंsss असा आवाज असतो. लै चकाकणारा इअरफोन घेतला तर गाण्याआधी त्यो सूं ऐकू येतो. वायरवाल्या दादांनी सांगितलेला एरिया मी मेव्हण्याचा ऐकलाय, त्यात सूं अंगावर येत न्हाई.

---

पेटीवाली

बापरे, दोन दिवस बघितलं नाही तर इथे परिषद भरलीय. सगळ्यांचे आभार, आता अहवाल.

श्रवणाताई, तुमचा उलटा-सुलटा प्रयोग त्याच रात्री केला. पातळपणा डाव्या कानातच राहिला. म्हणजे दोन वर्षं मी एका निरपराध इअरफोनला नावं ठेवत होते. डबी शोधली, पिशवी सापडली (मुलाच्या कंपासपेटीत, त्यातली मोठी रबरं त्याने पेन्सिलच्या मागे लावली होती), डाव्याला लहान लावलं, उजव्याला मीडियमच ठेवलं. लहान लावल्यावर जास्त घट्ट बसेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं, मी उलट मोठं लावायच्या विचारात होते. पण मीडियम आतच जात नव्हतं, दारातच अडकून बसत होतं.

आणि काय सांगू, बाराशे रुपयांच्या त्याच इअरफोनात खर्ज आला. जोरदार नाही पण आला. आवाजाच्या पट्टीवर मी नेहमी बारा-तेरा घरं ठेवायचे ती आता आठ-नऊ पुरतात. टाचणी बरीचशी गेली, पाइप मात्र थोडा आहे अजून, तो बहुतेक त्याचा स्वभावच.

तर आता प्रश्न असा की एवढं झाल्यावर नवीन घेऊ का नको? नवरा म्हणतो प्रश्न सुटला. मला मिरजेच्या दादांनी गंधाराचं खूळ लावलंय आणि ह्यात खर्ज सुटा होतो पण गंधार काही डोकावत नाही.

---

वायर_जिंदाबाद

श्रवणाताईंना दंडवत. मी एवढा निबंध लिहिला आणि ते एक वाक्य डोळ्यांसमोरून निसटलं, छंदिष्ट माणसाचं हे असंच होतं, दुखणं विचारायच्या आधीच औषधांची दुकानं आठवतात.

पेटीवाली, घ्या नवीन, पण आता घाई नको. ऑफिसात कोणाकडे एरिया, हेक्सा असेल तर एक दिवस मागून आणा, स्वतःची रबरं लावून ऐका (स्वच्छतेसाठी पण आणि मापासाठी पण). बहुतेक रबरं ह्याची त्याला बसतात, काहींच्या तोंडाची नळी जाड असते तेवढं बघा. अ‍ॅपमध्ये आवाजाचा दर्जा सगळ्यात वरचा करून ठेवा, बऱ्याच जणांचा डेटा वाचवायच्या सेटिंगवर अडकलेला असतो आणि ते इअरफोनला शिव्या देतात. लॉसलेसच्या, म्हणजे काहीही न गाळता साठवलेल्या गाण्याच्या, मागे मात्र लागू नका, लोकलमध्ये ३२० केबीपीएसची दाबलेली फाइल आणि लॉसलेसमधला फरक कोणी ओळखून दाखवला तर मी त्याला वडापाव देईन.

---

संत्रानगरी

दोन वडापाव. आणि ताई, रात्रीच्या अर्ध्या तासाले वायर घ्या, लोकलसाठी पुढच्या दिवाळीत एएनसी. नवऱ्याले नका सांगू.

---

पेटीवाली

शेवटचा अहवाल, मग त्रास देणार नाही.

ऑफिसातल्या एका मुलाकडे एरिया आणि हेक्सा दोन्ही निघाले, ह्या मुलांचे पगार कुठे जातात ते कळलं. दोन्ही दोन-दोन दिवस घरी आणले. हेक्सामध्ये वाद्यं खरंच सुटी-सुटी, अजय-अतुलचं व्हायोलिन कुठे बसलंय ते बोट दाखवून सांगता येईल, पण भीमसेनजींच्या आवाजाला जी छाती आहे ती मला एरियात जास्त मिळाली. हे माझ्या कानाचं मत, भांडू नका. एरिया घेतला, सेलमध्ये साडेसहाला बसला, वर माइकची वायर आणि चिपवाला डोंगल धरून ८ च्या आत. डावीकडे लहान रबर, उजवीकडे मीडियम, आणि गोंधळ नको म्हणून डाव्या रबराच्या बुडाला आतून नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

काल रात्री भांडी झाल्यावर दिवा घालवून मिरजेच्या दादांचा प्रयोग केला. बाबांनी एका मैफलीची कॅसेट ठेवली होती, भावाने ती मागे फोनवर उतरवून दिली होती. गायक सुरू व्हायच्या आधी पाऊण मिनिट तंबोरा आहे. पहिल्यांदा नुसताच सूं. मग खर्ज. दोनदा-तीनदा मागे नेऊन ऐकलं, आणि चौथ्यांदा खर्ज विरता विरता आला हो गंधार, मागच्या दाराने घरातलं कोणी हळूच यावं तसा. पेटीवर मी गंधार लाखदा वाजवला असेल, पण कोणी न वाजवता वाजलेला पहिल्यांदा ऐकला.

एकच शंका आहे. त्या पाऊण मिनिटात उजव्या बाजूला कोणीतरी दोनदा खोकतंय. इतकी वर्षं ते गाणं ऐकते, हा खोकला कधीच ऐकला नव्हता. इअरफोनमध्ये काही बिघाड नाही ना?

---

मिरजेचा_जावई

न्हाई ताई, इअरफोन झकास हाय. बाबांना विचारा, पहिल्या रांगेत उजवीकडं कोण बसलं हुतं.

---

पेटीवाली

विचारलं. बाबाच होते 😄